ईशान्य कोपऱ्याबद्दल माहीत नाही

पुण्यात ‘मला माहीत नाही’ असं म्हणणारा मी आयुष्यात एकच माणूस पाहिला, आणि तो पुण्याचा नव्हता. आमच्याकडे ही पद्धतच नाही. मंडईपाशी उभं राहून कुणालाही कसलाही पत्ता विचारा. त्याला ठाऊक नसला तरी तो हात करून रस्ता दाखवेल, वर “बोर्ड वाचता येत नाही का?” असं विचारेल, आणि तुम्ही चुकीच्या बोळात शिरलात की आपल्या वाटेनं निघून जाईल. मी स्वतः अशीच आहे. कबूल करायला लाज कसली?

तो माणूस म्हणजे पुंडलिक वानखडे. मूळचे अमरावतीकडचे, सरकारी नोकरी सोडून पुण्यात आलेले. धंदा असा, की सांगितला तर ऐकणारा दोनदा विचारायचा. बांधकाम सुरू करण्याआधी जमिनीत वीज सोडायची आणि खाली खडक आहे, मुरूम आहे की चिखल आहे ते ओळखायचं. त्यांच्या कार्डावर ‘विद्युत रोधकता सर्वेक्षण’ असं शुद्ध मराठीत छापलेलं होतं. त्यामुळे निम्मे लोक त्यांना विजेच्या ऑफिसातला माणूस समजून वाढीव बिलाच्या तक्रारी सांगायचे. वानखडे सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “बराबर आहे तुमचं. पण मले त्यातलं काई माहीत नाई.”

आमची गाठ पडली ती वारज्याच्या प्लॉटमुळे. तेव्हा पुण्याला कॉम्प्युटरचे डोहाळे लागले होते. हिंजवडीला म्हणे काचेच्या इमारती होणार, परदेशातून कंपन्या येणार, जमिनींना सोन्याचा भाव येणार. आमच्या ऑफिसातल्या चोवीस जणांनी घाबरून जाऊन वारज्यात एक वांग्याचं शेत घेतलं आणि सोसायटी काढली. पहिल्या मीटिंगला मी पाणी प्यायला उठले होते, परत आले तर सेक्रेटरी झाले होते. चेअरमन मात्र जोगळेकर स्वतःहून झाले. जोगळेकरांचा आवाज असा, की ते कुणाच्या कानात काही सांगू लागले तर शेजारच्या टेबलावरचा माणूस उत्तर द्यायचा.

आता आमचा शहाणपणा पाहा. आधी आम्ही भूमिपूजन केलं, कारण मुहूर्त टळत होता. मग फ्लॅटच्या चिठ्ठ्या टाकल्या, कारण लोकांना दम नव्हता. मला ईशान्य कोपऱ्यातला तळमजल्याचा फ्लॅट लागला, समोर टेकडी, आणि माझ्या आईचे गुडघे गेलेले असल्यामुळे मला स्वर्ग दोन बोटं उरला. आणि हे सगळं आटोपल्यावर इमारतीचा आराखडा करणारे इंजिनियर म्हणाले, “जमीन तपासलीत का?”

जोगळेकर म्हणाले, “तपासायची काय? जमीन आहे ती!”

ज्यांच्याकडून जमीन घेतली ते सोपानतात्या तिथंच होते. त्यांनी पायातली वहाण काढून तिची टाच जमिनीवर आपटली. “खडक हाय सायेब. निस्ता काळा पाषाण. आमच्या आज्यापास्नं हाय.”

पण इंजिनियर अडून बसले. चोवीस ठिकाणी खड्डे घेण्यापेक्षा आधी विजेनं पाहून घ्या, मग जिथं शंका येईल तिथंच खोदा, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांनी वानखड्यांना पाठवलं.

वानखडे स्कूटरवरून आले. उंच, किडकिडीत, अंगात सफारी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खिशात चार पेन्सिली. स्कूटरला मागं लाकडी पेटी, दोन बाजूंना वायरींची मोठाली रिळं, आणि पायाशी दुधाची किटली. आल्या आल्या कुणाशी न बोलता ते खाली बसले, चिमूटभर माती उचलली, हुंगली आणि तोंडात टाकली.

जोगळेकरांनी मला हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “लेलेबाई, हा माणूस माती खातो?”

“थोडीशीच खातो,” वानखडे म्हणाले. “जिभेले चिकटली तर चिकनमाती. नाई चिकटली तर दुसरं काईतरी. नाश्ता करूनच आलो आहे मी, घाबरू नका.”

त्यांची पद्धत एकदा पाहिली की समजायला सोपी होती. सरळ रेषेत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांमधून जमिनीत वीज सोडायची, आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये काय उरलं ते पेटीवरच्या काट्यावर वाचायचं. खुंट्या जितक्या लांब लांब नेल्या तितकी वीज खोल जाते. कोरडा कठीण खडक विजेला अडवतो, तिथं आकडा मोठा येतो. ओली माती, भराव, चिखल वीज सहज जाऊ देतो, तिथं आकडा घसरतो. खुंटीच्या बुडाशी किटलीतलं मिठाचं पाणी ओतायचं, म्हणजे लोखंडाची आणि मातीची नीट भेट होते. “ओळख करून द्या लागते ना बाप्पा,” असं ते म्हणायचे.

त्यांची दोन माणसं खुंट्या ठोकत पुढं सरकायची, आणि वानखडे पेटीपाशी बसून मोठ्यानं आकडे सांगायचे. तो आकडा म्हणजे ओहम. झालं! “दोनशे दहा ओहम! एकशे नव्वद ओहम!” असा गजर वारज्याच्या शेतात सुरू झाला, आणि अर्ध्या तासात बांधावर वीस-पंचवीस बायामाणसं जमली. लोखंडी खुंट्या, लाल-काळी वायर, मीठ, पाणी, आणि मांडी घालून ॐ ॐ म्हणणारा सफारीतला माणूस. सोपानतात्यांची म्हातारी आई, जनाबाई, काठी टेकत आली, रेषेच्या टोकाला, ईशान्य कोपऱ्यात ठोकलेल्या खुंटीला हळदकुंकू वाहिलं, पदर पसरून नमस्कार केला आणि बाजूला बसून राहिली. एकानं नारळ आणला. एक बाई म्हणाली, “मीठ हाय म्हंजी दिष्ट काढत असत्याल जमिनीची.”

मला वाटलं, वानखडे आता शास्त्र समजावून सांगतील. कसलं काय! त्यांनी नारळ फोडला, पाणी स्वतः प्यायले, खोबरं सगळ्यांना वाटलं आणि जनाबाईंना म्हणाले, “आजी, कुंकू लावलं ते बेस झालं. फक्त खुंटीले हात नका लावू, शाक लागते.”

आजींनी ऐकलं. जोगळेकरांनी ऐकलं नाही. कुणी ‘हात लावू नका’ म्हटलं की ते आपल्याला लागू नाही, असा त्यांचा जन्मभराचा समज. त्यांनी चपला काढल्या, कारण समोर हळदकुंकू वाहिलेलं होतं, आणि ओल्या मातीत अनवाणी उभं राहून “बघू तरी काय भानगड आहे” म्हणत खुंटीला हात घातला. त्यानंतर जो आवाज निघाला तो कोथरूडपर्यंत गेला असेल. वानखड्यांनी घाईघाईनं बटण बंद केलं, काट्याकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “साहेब, तुमचा आकडा फारच कमी आला बाप्पा.”

मी हसले. चोवीस जणांत मी एकटीच मोठ्यानं हसले, आणि ते जोगळेकर विसरले नाहीत. पण खरं वैर धरलं ते वानखड्यांशी.

आणि मग तो कोपरा आला. सगळीकडे दोनशेच्या आसपास असलेला आकडा ईशान्य कोपऱ्यात एकदम वीसवर घसरला. वानखड्यांनी खुंट्या पुन्हा ठोकल्या, आडव्या ठोकल्या, तिरक्या ठोकल्या. वीस, बावीस, अठरा. चारही पेन्सिली एकेक करून कानावर गेल्या.

सर्वेक्षणाचा अहवाल टाइप करायचं काम अर्थात सेक्रेटरीचं, म्हणजे माझं. त्यासाठी वानखडे आमच्या नारायण पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत येऊ लागले. एक पान टाइप व्हायला त्यांना आठ फेऱ्या लागल्या, कारण प्रत्येक वाक्यावर ते अडायचे. “ताई, ‘खडक आहे’ असं नका लिहू. ‘खडक असावा असं वाटते’ असं लिहा.” मी म्हणायची, “वानखडे, पुण्यात ‘वाटते’ ला कुणी विचारत नाही.” ते म्हणायचे, “मंग पुन्यातल्या जमिनीचं कठीनच आहे.”

येताना ते बुधवार पेठेतून त्या पेटीसाठी विजेचे सेल घेऊन यायचे, पिशवीभर. दुकानदार दर वेळी विचारायचा, रेडिओ किती आहेत घरात? हे सांगायचे, एकही नाही. मग आमच्या जमिनीवर बसून एकेक सेल तपासायचे आणि आईशी गप्पा मारायचे. माझी आई कानानं अधू. बाकीचे लोक तिच्याशी बोलताना एक तर ओरडायचे नाहीतर बोलणंच टाळायचे. वानखडे आपल्या नेहमीच्या आवाजात सावकाश बोलायचे आणि तिला बरोबर कळायचं. कसं ते देव जाणे. तिला त्यांनी आलेखाचा कागद दाखवला, आणि माझ्या चौथी शिकलेल्या आईनं बोट ठेवून विचारलं, “इथं का खाली गेली रे रेघ?”

“तेच तर मले माहीत नाई, माय,” वानखडे म्हणाले.

एकदा कुठल्याशा कंपनीतला तरुण इंजिनियर त्यांना लॅपटॉपवर नकाशा दाखवायला आमच्याच घरी आला, कारण वानखड्यांचा ठावठिकाणा म्हणजे आमचं घर, असं तोवर झालेलं होतं. पडद्यावर लाल, हिरवे, जांभळे पट्टे. “सर, टोटली ऑटोमॅटिक! डेटा टाकला की फुल पिक्चर येतं. कर्व्ह वगैरे पेन्सिलनं काढायची गरजच नाही.”

“वा! लयच सुंदर,” वानखडे मनापासून म्हणाले. “हे जांभळं काय आहे?”

“लो व्हॅल्यू झोन, सर.”

“म्हंजे जमिनीत काय आहे?”

“सर, ते... जांभळं आहे.”

वानखड्यांनी त्याला चहा पाजला आणि खाली सोडायला गेले. परत आल्यावर म्हणाले, “पोरगा हुशार आहे ताई. फक्त मातीत हात घातला नाई त्यानं अजून.” चेष्टेचा एक शब्द नाही. मी त्या मुलाची सालटी काढली असती.

तर अहवालात वानखड्यांनी सुचवलं, की ईशान्य कोपऱ्यात खड्डा घेऊन पाहा. जोगळेकर उसळले. “तिथं भूमिपूजन झालंय! तांब्याचा गडू पुरलाय, चांदीचा नाग आहे, कासव आहे. ते उकरायचं? अभद्र!” सगळ्या सभासदांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू? तेव्हा तोडगा असा निघाला, की पूजेची जागा सोडून दहा फूट अलीकडे खोदायचं. वानखडे म्हणाले, “दुखते पोट अन् पाहता पाय, असं होईन साहेब.” पण ऐकतो कोण?

खोदलं. नऊ फुटांवर पहार वाजली. खडक! काळा, कठीण, कोरडा. सोपानतात्यांनी फेटा उडवला. जोगळेकरांनी खड्ड्यात उतरून त्या खडकावर उभं राहून भाषण केलं.

त्याच संध्याकाळी सोसायटीची मीटिंग भरली. वानखड्यांना मध्ये उभं केलं, जणू गुन्हेगारच. आणि जोगळेकरांना एक मुद्दा सुचला होता, तो त्यांनी हुकमाच्या एक्क्यासारखा टाकला. “तांब्यातून वीज जाते की नाही?”

“जाते,” वानखडे म्हणाले.

“मग तुमचं मशीन आमच्या भूमिपूजनाच्या गडूनं फसवलं! कोपऱ्यात तांबं पुरलंय, म्हणून आकडा घसरला. बोला!”

वानखड्यांनी आलेखाच्या कागदावर पुन्हा एकदा बोट फिरवलं. एवढ्याशा गडूनं इतका फरक पडायला नको, असं ते म्हणाले. पण ‘पडणारच नाही’ असं छातीठोक सांगा म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. “तसं नाई सांगू शकत.”

“मग लिहून द्या, सगळीकडे खडक आहे.”

“तसं बी नाई लिहू शकत.”

“मग काय लिहिणार?”

“ईशान्य कोपऱ्याबद्दल माहीत नाई, असं लिहितो.”

सभागृहात काय हशा पिकला म्हणून सांगू! पण इंजिनियर हसले नाहीत. ज्या कोपऱ्याबद्दल माहीत नाही, त्याच्यावर मी खांब उभा करणार नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. गडू उकरायचा नाही, वानखडे सही करायचे नाहीत, इंजिनियर ऐकायचे नाहीत. शेवटी अख्खी इमारत पंधरा फूट मागं सरकवायची ठरली. जोगळेकरांची गच्ची गेली. सहा जणांच्या बाल्कन्या गेल्या. आणि माझ्या दिवाणखान्यातून दिसणारी टेकडी गेली, तिथं शेजारच्या प्लॉटची भिंत आली.

माझं टाळकं सरकलं. सगळ्यांच्या देखत मी उठून म्हणाले, “वानखडे, तुमच्या त्या चार खुंट्यांपेक्षा मंडईतला पोपटवाला ज्योतिषी बरा. त्याचा पोपट निदान एक चिठ्ठी तरी उचलतो.”

सगळे हसले. वानखडेही हसले. “बराबर आहे ताई,” म्हणाले, कागद उचलले, आणि जिना उतरून गेले. मला अजून तो जिना आठवतो, कारण ते उतरत असताना मी आणखी एक वाक्य जुळवत होते. त्यानंतर ते आमच्याकडे कधी आले नाहीत. महिन्याभरानं आईनं विचारलं, “तो वऱ्हाडी हल्ली येत नाही का गं?” मी म्हटलं, कामात असेल.

इमारत झाली, आम्ही राहायला आलो. तो कोपरा मोकळाच राहिला. तिथं आधी कपडे वाळत घातले, मग गणपतीचा मांडव पडू लागला, मग लोकांच्या मुलांना हिंजवडीत नोकऱ्या लागल्या आणि मोटारी उभ्या राहू लागल्या. आणि दर वार्षिक सभेत, इतिवृत्त वाचून झालं की जोगळेकर न चुकता वानखड्यांचा उद्धार करायचे. ‘माहीत नाही’ हा सोसायटीत शिवीसारखा शब्द झाला. पाणी का आलं नाही असं विचारलं, की वॉचमन म्हणायचा, “वानखडेला विचारा.”

मध्ये एकदा मी कोथरूडला एका जुन्या मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या बेडरूमच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेलेली, आणि भेगेच्या कडेनं पेन्सिलीनं बारीक आडव्या खुणा. प्रत्येक खुणेपाशी तारीख, पहिली तर आमच्या वारज्याच्या मीटिंगच्याही आधीची.

“हे काय गं?”

“अगं, एक वानखडे म्हणून आहेत. दर वर्षी येतात, भेग वाढलीय का बघतात, खूण करतात आणि पोहे खाऊन जातात. ही बिल्डिंग बांधायच्या वेळी बिल्डर मागं लागला म्हणून त्यांनी ‘खडक आहे’ अशी सही दिली होती म्हणे. आम्ही किती सांगितलं, राहू दे हो, भिंत काही पडत नाही. पण येतातच. पहिल्या वर्षी आले तेव्हा दारात उभं राहून माझ्या सासूबाईंची माफी मागितली त्यांनी. त्यांना वाटलं, वर्गणीवाला आहे.”

मी घरी आले आणि वानखड्यांना फोन करायला बसले. तीनदा नंबर फिरवला आणि तीनदा ठेवून दिला. काय म्हणणार होते? माफी मागायची आमच्या घराण्यात सवय नाही. माझे वडील चुकले की आईला म्हणायचे, “चहा टाक.” तेवढ्यावर समजून घ्यायचं. फोनवरून ‘चहा टाका’ कसं म्हणणार?

त्या मीटिंगला सहा वर्षं झाली. त्या उन्हाळ्यात जोगळेकरांच्या मुलानं नवी कोरी लाल मोटार घेतली. तिला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि कोपऱ्यात उभी केली, कारण सावली तिथंच. खालून जाणाऱ्या नळाची जोडणी केव्हापासून झिरपत होती आणि खालची माती धुऊन नेत होती ते कुणाला ठाऊक नव्हतं. एके सकाळी धप् असा आवाज झाला. आम्ही सगळे बाहेर धावलो. मोटारीचं पुढचं अर्धं अंग जमिनीत गेलं होतं आणि मागची दोन चाकं हवेत होती. गळ्यात हार तसाच.

जोगळेकर खिडकीतून पाहत होते. तोंडातला ब्रश काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

मी वाकून पाहिलं. मोटारीच्या नाकापुढे गोल भोक पडलेलं. कडेला घडीव दगडांची चिरेबंदी दिसत होती, एकावर एक. मी खडा टाकला. तो बऱ्याच वेळानं वाजला.

तेवढ्यात सोपानतात्या आईला हाताला धरून आले. जनाबाईंनी भोकात डोकावलं आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखी मान हलवली. “हीच ती हीर. धाकल्या दिराची म्हस पडली व्हती हिच्यात. मंग सासऱ्यांनी बुजीवली.”

“अहो आजी,” मी कपाळावर हात मारून घेतला, “सर्वेक्षणाच्या दिवशी तुम्ही इथंच बसला होतात! सांगितलं का नाहीत?”

“मला कुनी इचारलं? त्ये सायेब ॐ ॐ म्हनत व्हते. म्या म्हनलं, हिरीची शांत करत्यात. म्हनून तर हळदकुंकू वाह्यलं.”

मी सोपानतात्यांकडे पाहिलं. ते वहाणेकडे बघत म्हणाले, “मला बी आयकून ठावं व्हतं. पर बुजीवली म्हंजी झालाच की खडक.”

आता फोन करणं भागच होतं. मी एवढंच म्हटलं, “वानखडे, कोपरा खचला. या.” ते तासाभरात आले. केस पांढरे झालेले, स्कूटर तीच. मला वाटलं, आता हा माणूस आमची काय वाट लावेल ती लावेल, आणि लावू दे, आपण ऐकून घ्यायचं. चोवीस बिऱ्हाडं दोन्ही बाजूंना गुपचूप उभी होती. वानखडे मोटारीला वळसा घालून भोकापाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि आत पाहत राहिले. मग मान वर करून मला विचारलं, “ताई, पहिल्या नकाशात हा तुमचा फ्लॅट होता ना? इथं काय येनार होतं?”

मी पावलं टाकून मोजलं. दार इथं, दिवाणखाना इथं, मग आतली खोली. भोकाच्या कडेला येऊन थांबले. “इथं आईची खाट.”

वानखडे खाली बसले ते बसलेच, मातीत, पाय पसरून. खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं.

“सहा वर्षं, ताई,” ते रुमालातूनच म्हणाले. “सहा वर्षं रोज वाटे, गडूच असन तर? तुमची टेकडी घालवली, एवढ्या लोकायची घरं आखूड केली, अन् खाली खडकच असन तर? मले काय माहीत होतं? मले खरंच नव्हतं माहीत.”

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. नव्या साडीत. “वानखडे,” मी म्हटलं, “मी चुकले. फार वाईट बोलले मी तुम्हाला.” बोलून टाकलं. सोपं असतं तसं, उगाच एवढी वर्षं लावली.

त्यांना घरात आणलं. आईनं त्यांना पाहिलं, ओळखलं, आणि “किती वाळलास रे” म्हणून स्वतःच्या खाटेवर बसवलं. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर येऊन पाहते तर वानखडे भिंतीला टेकून झोपलेले, बूट पायात तसेच, तोंड उघडं, आणि घोरणं असं की कपाटाच्या काचा हलाव्यात. दुपारची बारा वाजायची वेळ. आईनं त्यांचे पाय वर घेतले, अंगावर चादर घातली आणि पंख्याची गती वाढवली.

मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं. पुढं आठवड्याभरात ते कायमचे गावी परत गेले, आणि निरोप घ्यायला आले तेव्हा नेमकी मी ऑफिसात होते. आईशी दोन तास बोलून गेले म्हणे. काय बोलले, ते आईनं मला सांगितलं नाही.

पण त्या दुपारी ते साडेचारपर्यंत झोपले. एक वाजता मोटार उचलायला क्रेन आली आणि ड्रायव्हरनं फाटकातून हॉर्न वाजवला. आई काठी टेकत खिडकीशी गेली आणि बाहेर जमलेल्या सगळ्या सोसायटीला म्हणाली, “आवाज नको. माणूस झोपलाय.” क्रेनवाल्यानं ऐकलं नाही, दुसऱ्यांदा हॉर्नवर हात ठेवला. तसे जोगळेकर भर उन्हात अनवाणी धावत सुटले, दोन्ही हातांनी क्रेनचं दार धरलं, आणि ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं.